वाकड्या अंगावर सरळ अक्षर

पाटी सपाट असते. वहीचे पानही सपाट असते. त्यामुळे सरळ रेघ ओढून तिच्याखाली अक्षर काढणे आपल्याला जमू लागले आहे. पण आपल्या घरात आणि गावात सपाट वस्तू किती? हंडा गोल. पिंप उभे गोल. बादली खाली निमुळती. माठ पोटाला फुगीर. आणि होडीचे पुढचे अंग तर वाकतेही आणि निमुळतेही होते. या वस्तूंवर नाव घालायचे, तर सरळ अक्षर सरळ दिसत नाही. ते एका टोकाला वर चढते, दुसरीकडे सुरकुतते आणि चार दिवसांत सुटू लागते.

असे का होते आणि त्यावर उपाय काय, ते आज आपण पाहू. सोबत एक जुने वर्तमानपत्र, कात्री, दोरी आणि घरातली एक बादली घेऊन बसा. वाचता वाचता करून पाहिले, म्हणजे गोष्ट मनात पक्की बसेल.

रेडियम म्हणजे काय?

मोटारसायकलवर, रिक्षावर, टेम्पोवर चिकटवलेली रंगीत अक्षरे आपण रोज पाहतो. डहाणूला काय, तलासरीला काय, दुकानावर पाटी असते, ‘रेडियमचे काम करून मिळेल’. खरे पाहता या अक्षरांत रेडियम नसते. रेडियम हा एक धातू आहे. मेरी क्यूरी आणि त्यांचे पती पिएर यांनी १८९८ साली तो शोधून काढला. पुढे घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावत असत. तो माणसाला फार घातक ठरला, म्हणून बंद झाला. चमकणाऱ्या वस्तूला रेडियम म्हणायची सवय मात्र राहिली.

आज दुकानात मिळते ते व्हिनाइल. व्हिनाइल हे एक प्रकारचे पातळ प्लास्टिक. त्याच्या पाठीला गोंद असतो आणि गोंदावर मेणकट कागद असतो. अक्षर कापायचे, कागद सोडवायचा आणि वस्तूवर दाबायचे. झालं काम. सपाट पाटीवर हे खरोखरच इतके सोपे आहे. अडचण येते ती वाकड्या अंगावर.

लाटलेले आणि ओतलेले

व्हिनाइल दोन तऱ्हेने बनते. एक लाटून, दुसरे ओतून.

चपाती लाटताना काय होते, आठवा. कणीक ताणून मोठी केली, तरी ती हळूच मागे येते, आक्रसते. लाटलेल्या व्हिनाइलचेही तसेच आहे. ते मोठ्या रुळांमधून दाबून पातळ केलेले असते. ऊन लागले, दिवस गेले, की ते आक्रसू पाहते. सपाट पाटीवर ते चालून जाते. वाकड्या अंगावर मात्र त्याच्या कडा उचलतात.

घावनाचे पीठ आपण लाटत नाही. तव्यावर ओततो, ते आपोआप पसरते आणि तसेच राहते. ओतलेले व्हिनाइल तसे असते. ते पातळ आणि नरम असते, वळणावर बसते आणि फारसे आक्रसत नाही. दुकानदार त्याला ‘कास्ट’ म्हणतात. त्याला पैसे जास्त पडतात. म्हणून सपाट पाटीसाठी साधे घ्यावे आणि फुगीर, वाकड्या वस्तूसाठी कास्ट मागावे. दुकानदाराला वस्तू कोणत्या आकाराची आहे ते आधी सांगावे. नुसते ‘अक्षरे कापून द्या’ म्हटले, तर तो साधेच देणार.

पहिला आकार: पिंप

आता वर्तमानपत्राचा कागद घ्या आणि पिंपाभोवती गुंडाळा. कागद कुठेही न सुरकुतता बसतो. पिंप कापून उलगडले, तर सरळ चौकोनी पत्रा मिळेल. म्हणून पिंपावर सरळ ओळ सरळच बसते. इथे दोनच गोष्टी सांभाळायच्या.

पहिली गोष्ट, ओळ आडवी हवी. त्यासाठी पिंपाच्या वरच्या काठापासून सारखे अंतर मोजून चार-पाच ठिकाणी खुणा करा. दोरी त्या खुणांवरून फिरवा. दोरीच्या रेषेवर शिरोरेघ ठेवा. डोळ्याच्या अंदाजाने लावू नका. गोल वस्तूवर डोळा फसतो.

दुसरी गोष्ट, ओळ फार लांब नको. मोठ्या २०० लिटरच्या पिंपाची रुंदी सुमारे ५८ सेंटिमीटर असते. रुंदीला २२ ने गुणून ७ ने भागले, की घेर मिळतो. तो सुमारे १८२ सेंटिमीटर आला. समोर उभे राहिले तर यातला अर्धा घेर दिसतो. पण कडेची अक्षरे तिरपी पडतात, वाचता येत नाहीत. नीट वाचता येतो तो तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. तेवढ्यात मजकूर बसवा. चारी बाजूंनी वाचता यावा असे वाटत असेल, तर लांब ओळ फिरवू नका. तोच छोटा मजकूर तीन ठिकाणी लावा.

दुसरा आकार: बादली

आता कागदाची एक सरळ पट्टी कापा आणि बादलीभोवती लावा. पट्टीचा मधला भाग जिथे ठेवला तिथेच राहतो, पण दोन्ही टोके वर काठाकडे चढतात. ओढून खाली आणली, तर पट्टीच्या खालच्या कडेला चुण्या पडतात. बादली वर रुंद आणि खाली अरुंद आहे. वरच्या कडेला कागद जास्त लागतो, खालच्या कडेला कमी. सरळ पट्टीत दोन्ही कडा सारख्या आहेत. मग ती बसणार कशी?

बादली कापून उलगडली, तर चौकोन मिळत नाही. उघडलेल्या पंख्यासारखा आकार मिळतो. म्हणून बादलीवरची ओळ कागदावर सरळ काढायची नाही. ती कमानीसारखी काढायची. कागदावर कमान दिसेल, बादलीवर ती सरळ होईल. वाकड्या अंगावर सरळ दिसायचे, तर आधी स्वतः वाकावे लागते!

हा साचा काढायची सोपी रीत अशी. बादलीभोवती वर्तमानपत्र घट्ट गुंडाळा आणि चिकटपट्टीने धरून ठेवा. वरच्या काठाने आणि खालच्या काठाने पेन्सिल फिरवा. कागद सोडवा, रेघांवर कापा. हातात पंख्याचा आकार येईल. हाच तुमचा साचा. दुकानात जाताना तो बरोबर न्या.

दुसरी रीत हिशेबाची. समजा बादलीची वरची रुंदी ३० सेंटिमीटर आहे, खालची २० आणि तिरप्या बाजूची उंची २५. वरची रुंदी गुणिले तिरपी उंची, म्हणजे ७५०. दोन्ही रुंदींतला फरक १०. त्याने भागले, उत्तर आले ७५. आता जमिनीवर कागद पसरा. एक खिळा ठोका आणि त्याला ७५ सेंटिमीटर दोरी बांधा. दोरीच्या टोकाला पेन्सिल धरून फिरवा. ही बादलीच्या काठाची रेघ झाली. दोरी ५० सेंटिमीटरची करून पुन्हा फिरवा. ही बुडाची रेघ झाली. मधे ६६ सेंटिमीटरवर शिरोरेघ ओढा आणि ६१ सेंटिमीटरवर अक्षरांचे पाय टेकवा. अक्षरे ५ सेंटिमीटर उंचीची होतील. प्रत्येक अक्षराचा उभा दांडा मात्र खिळ्याकडे रोखलेला हवा. तसे केले तरच बादलीवर अक्षरे ताठ उभी दिसतील.

वस्तू वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर सगळे उलटे होते. तिथे ओळ कमानीसारखी न काढता दारावरच्या तोरणासारखी, मधे झुकलेली काढायची.

तिसरा आकार: माठ

माठावर कागद बसवून पाहा. पिंपावर बसला, बादलीवर साचा कापून बसला. माठावर काही केल्या बसत नाही. एकीकडे दाबला की दुसरीकडे चुणी पडते. मोसंब्याची साल सोलून पाटावर दाबली, तर ती फाटते. सालीचे जे, तेच कागदाचे. जो आकार दोन्ही दिशांनी फुगतो, तो सपाट होत नाही आणि सपाट वस्तू त्यावर बसत नाही. सगळ्या पृथ्वीचा नकाशा कागदावर तंतोतंत बसत नाही, त्याचेही कारण हेच.

वारली चित्र काढणाऱ्याला ही अडचण येत नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या कलावंताची काडी भिंतीवर फिरते, तशीच मडक्यावरही फिरते. रंग ओला असतो, तो वळणाप्रमाणे जातो. व्हिनाइल हा कागदासारखा आधीच सपाट झालेला पत्रा आहे. त्याला वळवावे लागते.

मग फुगीर भांड्यावर काय करायचे? तीन उपाय आहेत. पहिला, अक्षर लहान ठेवा. लहान तुकड्याला फुगीरपणा कमी जाणवतो. दुसरा, अख्खी ओळ एकदम न लावता एकेक अक्षर सुटे लावा. तिसरा, कास्ट व्हिनाइल घेऊन त्याला गरम हवा द्या, म्हणजे ते नरम होऊन बसते. केस वाळवायच्या यंत्राची हवा पुरते. काडी किंवा चूल जवळ आणू नका. आणि ताण अगदी थोडा द्या. फार ताणलेले व्हिनाइल पुढे मागे येतेच.

कच्च्या अंगाच्या मातीच्या माठावर मात्र व्हिनाइल लावूच नका. माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होते. पाझरणाऱ्या अंगावर गोंद टिकत नाही. माठाच्या झाकणावर किंवा तिवईवर नाव लावा.

आपल्या लिपीची गोष्ट

इंग्रजी अक्षरे सुटी सुटी असतात. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ असते. तिच्यामुळे ओळ वाकडी झाली की लगेच डोळ्यांत भरते. म्हणून बादलीवर शिरोरेघ कमानीतच कापली पाहिजे. फुगीर वस्तूवर तर दोन अक्षरांमध्ये शिरोरेघ बारीक तोडून घ्यावी. सुटी अक्षरे वळणाप्रमाणे बसतात. दुरून पाहताना ती बारीक फट दिसत नाही.

दुसरे असे, की दुकानातले यंत्र संगणकाच्या सांगण्यावरून कापते. काना, मात्रा, रफार ही जिथे अक्षरावर चढतात, तिथेही ते कापून ठेवते. मग मात्रा वेगळी निघते आणि आधी तीच गळते. दुकानदाराला सांगा, ‘मात्रा अक्षराशी एकजीव करून कापा.’ अनुस्वाराचा टिंब सुटाच राहतो. तो जरा मोठा ठेवा, म्हणजे लवकर सुटणार नाही.

लावायची रीत

१. वस्तू साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. तेलाचा हात लागला असेल तर स्पिरिटने पुसा. धूळ आणि तेल हे गोंदाचे दोन वैरी.

२. नवा तैलरंग दिला असेल तर घाई करू नका. वरून वाळलेला रंग आतून ओला असतो. त्याची वाफ कोंडते आणि अक्षराखाली फुगे येतात. निदान आठ-दहा दिवस जाऊ द्या.

३. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर लावू नका. पावसाळ्यात ओलसर हवेतही लावू नका. सकाळी दव गेल्यावर सावलीत लावावे.

४. अक्षरांवर वरून चिकटपट्टीचा रुंद कागद लावा, म्हणजे ती जागची हलणार नाहीत. बादलीसाठी किंवा माठासाठी हा वरचा कागद दोन-दोन अक्षरांच्या मधे कात्रीने चिरून घ्या. मग तो वळणाबरोबर वळतो.

५. ओळीचा मध्य वस्तूच्या मध्यावर ठेवून तिथेच एक उभी पट्टी चिकटवा. एक बाजू उचला, मागचा मेणकट कागद काढा आणि मधून बाहेर दाबत जा. मग दुसरी बाजू. एका टोकाकडून सुरुवात केली, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळा वाकडेपणा गोळा होतो.

६. दाबायला जुने प्लास्टिकचे कार्ड फडक्यात गुंडाळून घ्या. वरचा कागद काढताना तो वस्तूच्या अंगाला लागून, हळूहळू मागे दुमडत काढा.

७. फुगा राहिला तर सुईने टोचून हवा काढा आणि बोटाने दाबा. पात्याने चिरू नका.

होडीवरचा नंबर

डहाणू, चिंचणी, बोर्डी आणि तलासरी तालुक्यातले झाई, या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या आहेत. आपल्या भागातले कित्येक भाऊ दरवर्षी खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांतही जातात. मासेमारीच्या नौकेवर नोंदणीचा नंबर लिहिलेला असतो. त्यात आधी देशाची खूण असते, मग राज्याची. महाराष्ट्राची एमएच, गुजरातची जीजे. पुढे आकडे येतात.

होडीचे पुढचे अंग म्हणजे आपण पाहिलेल्या आकारांची मिसळ. ते वर रुंद, खाली अरुंद आणि टोकाकडे वळत गेलेले असते. लाकडी होडीवर फळ्यांचे सांधे असतात. सांध्यावर व्हिनाइल फाटते, म्हणून तिथे रंगच बरा. फायबरच्या गुळगुळीत होडीवर मात्र व्हिनाइल चांगले बसते. आधी खारे अंग गोड्या पाण्याने धुवा. मग साचा काढून घ्या. डाव्या आणि उजव्या बाजूचा साचा वेगळा काढा. डाव्या बाजूला नंबर टोकाकडून सुरू होतो, उजव्या बाजूला तो टोकाकडे संपतो. निमुळता भाग एकीकडे पहिल्या अक्षराला येतो, दुसरीकडे शेवटच्या अंकाला. होडीचा काठ वाकडा असतो, म्हणून काठावरून मोजू नका. पाण्याची रेघ धरून मोजा. लावण्याआधी कागदाची अक्षरे तात्पुरती लावून पन्नास पावले मागे जा आणि पाहा. नंबर दुरून वाचायचा असतो.

हा नंबर निघून गेला तर काय होईल? वादळात होडी सापडली, यंत्र बंद पडले, किंवा होडी हद्दीपलीकडे वाहवत गेली, तर शोधणारा विचारतो, नंबर काय? म्हणून जो भाऊ होडीवर जातो, त्याने चढण्याआधी नंबर वाचावा आणि कागदावर लिहून घरी ठेवावा. घरच्या बाईने तो भिंतीवर लिहून ठेवावा. समुद्रावरच्या संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन आहे. तोही शेजारी लिहावा. वाचायला आपण शिकलो ते यासाठीही.

पाणी आणि विष

आपल्याकडे चिकूच्या बागा आहेत. डहाणू घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बागेत फवारणी होते. औषधाच्या डब्यावर चौकोनी खूण असते. तांबडी असेल तर औषध अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळी, मग निळी, मग हिरवी. हिरवीही निर्धास्त नव्हे.

ज्या पिंपात औषध कालवतात, त्यावर काय लिहावे? पुष्कळ जण लिहितात, ‘पिण्यायोग्य नाही’. नीट विचार करा. पिंपाच्या वळणावर शेवटचा शब्द कडेला जातो. कडेची अक्षरे आधी सुटतात. ‘नाही’ गळाले, की काय उरले? ‘पिण्यायोग्य’! म्हणून असे लिहूच नका. एकच शब्द लिहा: ‘विष’. तो मोठा, तांबडा आणि तीन ठिकाणी लिहा. सोबत कवटीचे चित्र काढा. ज्याला वाचता येत नाही त्याला आणि लहान मुलालाही ते कळेल. मजकूर असा निवडावा, की एखादे अक्षर गेले तरी अर्थ उलटू नये.

निळ्या प्लास्टिकच्या पिंपावर आणखी एक अडचण आहे. या प्लास्टिकवर पाणी टाकले तर ते पसरत नाही, थेंब थेंब होऊन निसटते. गोंदाचेही तसेच होते. त्यासाठी जादा चिकट गोंदाचे व्हिनाइल मागा आणि तरीही त्याच्यावर विसंबू नका. पत्र्याच्या तुकड्यावर ‘विष’ लिहून तो तारेने पिंपाला बांधा. आणि औषधाचा रिकामा डबा किंवा पिंप कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला घेऊ नका. डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीतच वापरा आणि डब्याला भोके पाडा, म्हणजे तो पुन्हा कोणी वापरणार नाही.

करून पाहा

घरातली एक बादली घ्या. वर्तमानपत्राचा साचा काढा. त्यावर आपल्या घरातल्या बाईमाणसाचे नाव कमानीत लिहा. ते कापून बादलीवर लावा आणि चार पावले मागे सरून वाचा. नाव सरळ दिसले, तर साचा बरोबर. टोके वर चढली, तर कमान थोडी वाढवा. टोके खाली उतरली, तर कमी करा. दोन-तीन वेळा केले की हात बसेल.

मग गावात फिरा. शाळेची पाण्याची टाकी, दुधाचे कॅन, बचत गटाच्या बरण्या, वाडीतली पिंपे पाहा. कुठे मात्रा गळाली आहे, कुठे कड उचलली आहे, ते पाहा. उचललेली कड आजच दाबा. गळालेले अक्षर याच आठवड्यात लावा. पिंप औषधाचे असेल, तर त्याला उद्याची वाट पाहू नका.